गाडीची फर्स्ट परेड

वर्तमानपत्रात अपघाताची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं : ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने...’ कधी त्याच्या जागी ‘स्टेअरिंग फेल झाल्याने’ असं असतं. आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. ताबा का सुटला, स्टेअरिंग कशामुळे फेल झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. मागच्या दिवाळीपर्यंत मीही विचारत नव्हतो.

आमचं घर भिलाईला, टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गाडीने नागपूरला आत्याकडे भाऊबीजेला निघालो होतो. बाबा गाडी चालवत होते, शेजारी आई, मागे मी आणि धाकटी बहीण. दुर्ग मागे पडलं. राजनांदगाव ओलांडल्यावर आईने चहासाठी थांबायला सांगितलं. बाबांनी गाडी हायवेवरून एका ढाब्याच्या आवारात घेतली, सावलीत लावण्यासाठी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून खाडकन आवाज आला. उतरून पाहिलं तर पुढची दोन चाकं दोन दिशांना तोंडं करून उभी होती. बाबांनी स्टेअरिंग फिरवून पाहिलं. उजवं चाक फिरत होतं, डावं ढिम्म हलत नव्हतं.

ढाब्यावाल्याने शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्रीला बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजून निखळला आहे. मग हात पुसत तो म्हणाला, “साहब, चाय ने बचा लिया.”

त्याचं म्हणणं मला नंतर कळलं. दहा मिनिटांपूर्वी आम्ही ताशी ८० किलोमीटर वेगाने जात होतो. त्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोरून ट्रक येत होते.

आता खरी गोष्ट सांगतो. तो जॉइंट त्या दिवशी अचानक गेला नव्हता. दोन महिने आमची गाडी स्पीडब्रेकरवर पुढून खट्ट-खट्ट वाजत होती. सरळ रस्त्यावर ती किंचित डावीकडे ओढायची. सुपेल्यातल्या एका मिस्त्रीने ‘थोडा प्ले तो रहता ही है’ म्हणून परत पाठवलं होतं. बाबा म्हणाले होते, दिवाळी झाली की बघू. आणि मी? सुट्टीत घरी आल्यावर तो आवाज मीही ऐकला होता. मी गाण्याचा आवाज वाढवला होता.

माझे बाबा पोलाद कारखान्यात नोकरी करतात. भिलाईचे रूळ देशभर जातात. इथे २६० मीटर लांबीचे रेल पॅनेल तयार होतात. प्रत्येक रूळ बाहेर पडण्याआधी त्याची अल्ट्रासॉनिक तपासणी होते, कारण आतली बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही आणि तीच पुढे गाडी रुळावरून उतरवते. कारखान्यात हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. इतक्या शिस्तीत आयुष्य काढलेला माणूस घरच्या गाडीचा खटखटाट ऐकून ‘बघू’ म्हणतो. हा दोष एकट्या बाबांचा नाही. आपल्या बहुतेक घरांत असंच चालतं. नोकरीवर आपण नियम पाळतो, कारण तिथे कोणीतरी विचारणारं असतं. घरच्या गाडीला विचारणारं कोणी नसतं.

कायदासुद्धा फारसं विचारत नाही. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खासगी कारची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांसाठी होते. एवढ्या काळात पीयूसी आणि विमा यांची कागदपत्रं पाहिली जातात, पण स्टेअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक यांची सरकारी तपासणी सक्तीची नाही. माझ्या मते खासगी गाड्यांनाही काही वर्षांनी अशी तपासणी हवी. लोकांना त्रास होईल, खर्च होईल, हे मान्य आहे. पण चहाची तल्लफ येण्यावर चार जणांचा जीव अवलंबून असावा, हे मला मान्य नाही.

सुट्टी संपवून शाळेत आलो तेव्हा हा प्रसंग मी आमच्या उस्तादांना सांगितला. ते सैन्यात एमटी ड्रायव्हर होते. त्यांनी विचारलं, “फर्स्ट परेड किया था?” आम्हाला परेड म्हणजे मैदान एवढंच माहीत. सैन्यात गाडीचीही परेड असते. गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे, स्टेअरिंग, खाली काही गळतंय का, काही सैल झालंय का, हे सगळं ड्रायव्हर स्वतः पाहतो. गाडी काल नीट चालली होती, हे कारण तिथे चालत नाही. उस्ताद म्हणाले, “पहले नीचे देखो, फिर ऊपर बैठो.”

आपल्याला ट्रकची परेड करायची नाही. घरच्या कारला पाच मिनिटं पुरतात. गाडी निघण्याआधी खाली वाकून तेलाचा डाग आहे का ते पाहा. पुढच्या टायरची एकच बाजू जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलं आहे किंवा एखादा जॉइंट सैल झाला आहे. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकेच हलवा. चाक हलण्याआधी ते बरंच रिकामं फिरत असेल तर मिस्त्रीकडे जा. थोडा प्ले असतो हे खरं, पण तो वाढत असेल तर ती सूचना आहे. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असलेल्या गाडीत चावी फिरवल्यावर स्टेअरिंगचा दिवा पेटतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो विझला नाही किंवा चालताना पेटला तर ‘सेन्सर खराब असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली, फुटपाथला चाक धडकलं, तर टायर फुटला नाही एवढ्यावर समाधान मानू नका. तो धक्का टाय रॉडपर्यंत पोचलेला असतो.

तरीही स्टेअरिंगने दगा दिला तर? दोन प्रकार लक्षात ठेवावेत. पहिल्यात पॉवर जाते आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. अशा वेळी लोक घाबरतात, पण आपल्या नेहमीच्या गाड्यांत स्टेअरिंग आणि चाकांची लोखंडी जोडणी शाबूत असते. दोन्ही हातांनी जोर लावला की गाडी वळते. दुसऱ्या प्रकारात जोडणीच तुटते, जशी आमची तुटली. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा, हॅझर्ड दिवे लावावेत, हॉर्न वाजवावा आणि ब्रेक हळूहळू दाबत गाडी थांबवावी. दोन्हींत एक गोष्ट कधीच करू नये : चालत्या गाडीची चावी काढू नये. चावी काढली की स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

कोणी म्हणेल, दोष कंपनीचा असेल तर आपण काय करणार? प्रश्न योग्य आहे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने टाय रॉडच्या संभाव्य दोषामुळे एस-प्रेसो आणि ईको या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टेअरिंग गिअरबॉक्समुळे २,५५५ अल्टो के-१० परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं मालकांना सांगितलं. काही जण अशी बातमी वाचून कंपनीची टिंगल करतात. मला ते चुकीचं वाटतं. चूक कबूल करून ती दुरुस्त करणारा माझ्या लेखी चूक लपवणाऱ्यापेक्षा मोठा. लपवल्यावर काय होतं, ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसलं. तिथे इग्निशन स्विच सैल होता. चावी चालताना आपोआप सरकायची, इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टेअरिंग जायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या काही जणांना हे अनेक वर्षं माहीत होतं, गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

आपल्याकडे कंपन्या २०१२ पासून स्वेच्छेने गाड्या परत बोलावतात, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सरकारलाही तसा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. पण कंपनीने बोलावूनही आपण गेलो नाही, तर कायदा काय करणार? जुनी गाडी विकत घेतलेल्या माणसाचा पत्ता आणि फोन कंपनीकडे नसतोच. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते समजतं, आणि दुरुस्ती मोफत होते. पालकांनी एवढं आजच करावं.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. यातली बहुतेक वेगाने आणि बेफिकिरीने गेली असतील, स्टेअरिंगमुळे थोडीच. पण वाजणाऱ्या गाडीकडे दुर्लक्ष करणं हीसुद्धा बेफिकिरीच आहे. फक्त ती रस्त्यावर येण्याआधी, घराच्या अंगणात सुरू होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. सुट्टीला घरी नेण्यासाठी पालक गाड्या घेऊन येतात, त्या दिवशी प्रत्येक कॅडेटने ट्रंक डिकीत टाकण्याआधी आपल्या गाडीची फर्स्ट परेड करावी. उस्तादांनी आम्हाला ती एकदा शिकवावी. पालकांनी हसू नये, आणि मुलाने ‘बाबा, आवाज येतोय’ म्हटलं तर ‘बघू’ म्हणू नये.

आमच्या घरी आता हे काम माझ्याकडे आहे. या उन्हाळ्यात मी गाडीखाली वाकलो तेव्हा बाबा टॉर्च धरून उभे होते. निघायला दहा मिनिटं उशीर झाला. आई चिडली नाही.