दराआधी मालक ठरवा

ऊसतोड मजुरीचा करार तीन हंगामांचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात साखर संघ आणि कामगार संघटनांची बोलणी झाली. त्यात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपये असलेला तोडणीचा मूळ दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. त्या कराराची मुदत २०२५-२६च्या हंगामाबरोबर संपते. पुढची बोलणी सुरू होतील तेव्हा, आजवरचा अनुभव पाहता, सगळी ताकद पुन्हा टक्क्यांवर खर्च होईल. एक बाजू पन्नास म्हणेल, दुसरी वीस, मधे कुठेतरी जमेल आणि फोटो निघेल. बीड जिल्ह्यातल्या कामगाराने या वेळी एवढ्यावर समाधान मानू नये. का, हे समजायला आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या एका ऊसतोड समाजाकडे पाहावे लागेल. त्याची आठवण आपल्या मेळाव्यांत निघत नाही.

हा समाज नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातला. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव, साक्री इथले भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबे आणि त्यांच्या शेजारचे डांगी आदिवासी दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत उतरतात. बारडोली, मढी, महुवा, चलथाण, गणदेवी ही तिथली साखर कारखान्यांची गावे. १९२८च्या सत्याग्रहाने देशाला शेतकऱ्यांच्या हक्काचा धडा देणाऱ्या बारडोलीत १९५५ साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्या उसाच्या पट्ट्यात खानदेशातून आलेली माणसे कशी जगतात, हे यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात पाहून जगापुढे मांडले. सत्याग्रहाच्या भूमीत मजुराला माणूस म्हणूनही मोजले जात नाही, हे त्याचे निरीक्षण आजही पुरते जुने झालेले नाही.

बीडचा आणि नंदुरबारचा कामगार एकमेकांना भेटत नाहीत. एक दक्षिण-पश्चिमेला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे किंवा थेट बेळगाव-बागलकोटला जातो. दुसरा सीमा ओलांडून सुरतेच्या बाजूला. पण काम तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात उतरायचे, तोडायचे, साळायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरायची. राहायला पाचटाची नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची खोप, पाणी शेतमालक देईल तिथले, संडास उघड्यावर. पोरे फडाच्या बांधावर.

घर सोडण्याची कारणेही जवळजवळ सारखी. बीडच्या बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणीत, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि कारखानदारीचा पत्ता नाही. १९७२च्या दुष्काळानंतर कोयता हाती घेतलेल्या घरांत आज तिसरी पिढी फडात आहे. वंजारी, बंजारा, दलित, धनगर, अल्पभूधारक मराठा असे सगळेच त्यात आहेत. सातपुड्यात जंगल होते, ते हातचे गेले. डोंगरउतारावरची शेती चार महिने खायला पुरते. दोन्हीकडे पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि नेमक्या त्याच वेळी मजुरांची टोळी जमवणारा मुकादम दारात येतो.

इथून दोघांच्या वाटा फुटतात.

बीडच्या कामगाराला आवाज आहे. कोयता बंद ठेवण्याची धमकी इथून निघाली की पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे गाळप अडते, हे साखरसम्राटांना चांगले ठाऊक आहे. दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांचे राजकारण या माणसांच्या बळावर उभे राहिले. जिल्ह्यातले कित्येक आमदार, खासदार, मंत्री आजही ऊसतोड कामगारांचे नाव घेऊनच निवडून येतात. कामगारांच्या लाल बावट्याच्या संघटनाही इथे टिकून आहेत. म्हणून इथे दर ठरतो तो वाटाघाटीने. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कमही, मोठी मिळते. आज एका कोयत्याला लाखाच्या वर उचल देण्याची मुकादमांत चढाओढ असते.

नंदुरबारच्या भिल्लाच्या वतीने कारखान्याशी बोलणारा मंत्री नाही. भाषा वेगळी, राज्य वेगळे, मतदारसंघ शंभर-दीडशे किलोमीटर मागे. पण त्याच्या बाजूला एक गोष्ट आहे जी बीडकडे नाही. गुजरातेत ऊसतोडणीचा दर सरकार किमान वेतन म्हणून अधिसूचनेने ठरवते. मजुरांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०२३च्या सुरुवातीला हा दर टनाला २३८ रुपयांवरून दुप्पट, म्हणजे ४७६ रुपये, झाला. ज्याच्यामागे एकही मोठा नेता नाही त्या आदिवासीचा कागदावरचा दर आपल्या कामगारापेक्षा टनामागे शंभरावर रुपयांनी जास्त आहे. हे बीडच्या पुढाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावे.

अर्थात कागदावरचा दर हातात पडतो असे नाही. तिथे हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. मधल्या काळात पोटापुरती खावटी मिळते आणि पावसाळ्यात घेतलेल्या रकमेवर व्याज लागते. गावी परतताना बाकी किती उरली, हे मुकादमाच्या वहीवर ठरते. आपल्याकडे उचलीवर उघड व्याज नाही, पण ऊस कमी पडला, पाऊस आला, बाई आजारी पडली की उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर जाते. मग पुढच्या वर्षी कुणाबरोबर जायचे हे कामगार ठरवत नाही. बाकीपायी माणसे डांबून ठेवल्याच्या फिर्यादी दरवर्षी पोलिसांत येतात. टोळ्या उचल घेऊन पळाल्याच्या आणि त्यात वाहनमालक बुडाल्याच्याही येतात. मुकादम हा प्रत्येक वेळी खलनायक असतोच असे नाही. अनेकदा तोही कालचा कोयतेकरीच असतो आणि वरून घेतलेल्या पैशाला त्याचीच जमीन तारण असते.

दराचे थोडे गणित मांडू. एक कोयता चांगल्या उसात दिवसाला दोन टन तोडतो असे धरले तर ३६६च्या दराने ७३२ रुपये होतात. माणशी ३६६. हे बारा-चौदा तासांचे, रात्रीची भरणी धरून. त्याच महाराष्ट्रात २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. कायद्याने रोजगार हमी देणारे देशातले पहिले राज्य आपले, आणि ७२च्या दुष्काळातून ती कल्पना फोफावली. स्वतःच्या गावात, संध्याकाळी घरी परतून मिळणारी मजुरी आणि सहा महिने परमुलखात हाडे झिजवून मिळणारी मजुरी यांत त्या वर्षी सत्तर रुपयांचे अंतर होते. मग माणूस जातो कशासाठी? उचलीसाठी. एकरकमी लाख रुपये त्याला ना बँक देते ना सोसायटी. लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे, बियाणे ही सगळी कामे त्या पैशावर होतात. गावात त्याला कर्ज मिळत नाही, तोवर दर कितीही वाढवला तरी तो मोकळा माणूस म्हणून फडात जाणार नाही.

आता मुख्य मुद्दा. बीडकडे आवाज आहे, नंदुरबारकडे अधिसूचना आहे. तरी दोघांचीही अवस्था अशी का? कारण दोघांनाही मालक नाही. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम कामगाराशी तोंडी. अपघात झाला, गाडीखाली पोर सापडले, विहिरीत बाई पडली, तर कारखाना सांगतो, ही आमची माणसे नाहीत. पण कोणत्या गावात, कोणत्या फडात, कोणत्या दिवशी कोयता लागायचा हे कोण ठरवते? कारखान्याचा शेतकी विभाग. ऊस कुणाच्या काट्यावर मोजला जातो? कारखान्याच्या. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कोण कापून घेतो? कारखानाच. म्हणजे या मजुरीचा पैसा शेवटी शेतकऱ्याच्या उसातून जातो, तो वाटताना कारखान्याचे नियम चालतात, आणि जबाबदारी तेवढी कुणाचीच नसते. काम नेमून देणारा, मोजणारा आणि पैसे देणारा तो मालक, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

मालक नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून बाई तर हिशेबातच नाही. दोन माणसे मिळून एक कोयता धरायचा. उचल नवऱ्याच्या नावावर, वहीत सही किंवा अंगठा त्याचाच. ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी, त्याआधी पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी बाई कुठल्याही कागदावर मजूर नाही. ती एक दिवस पडून राहिली तर खाडा मात्र तिच्या नावाने पडतो. याची किंमत काय असते हे बीडने २०१९ मध्ये जगाला दाखवले. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक! पाळीचे दुखणे म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, आणि त्यावर खासगी दवाखान्याने सुचवलेला कायमचा उपाय. त्यानंतर अशा शस्त्रक्रियांसाठी परवानगीचे नियम आले, तपासणी शिबिरे झाली. पण फडात पाळीच्या दिवसाची भरपगारी सुटी कुणी मागायची आणि कुणाकडे, हा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

बीड आणि नंदुरबारसारखी स्थलांतरितांची जोडी जगात इतरत्रही दिसते. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. पुढे १९८६च्या करारानुसार तिथल्या लोकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळाला. आर्कान्सासमधल्या स्प्रिंगडेल गावी ते हजारोंनी गेले आणि कोंबड्यांच्या कारखान्यांत लागले. कायदेशीर हक्क असूनही १९९६च्या एका कायद्याने गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना त्यांच्यासाठी बंद झाली. ती परत मिळायला २०२०चा डिसेंबर उजाडला. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाहून अमेरिकेत गेलेल्या माणसाकडे असा हक्क नव्हता. त्याचे जगणे सरकार बदलेल तसे बदलत्या परवान्यांवर राहिले. हक्क असलेला आणि नसलेला, दोघेही अंगमेहनतीच्या तळाशीच पोहोचले. सीमा ओलांडण्याची मुभा आणि कामाच्या जागी कुणीतरी उत्तरदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीडच्या माणसाला तर सांगलीला जायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

त्याच निकाराग्वातली दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. तिथल्या चिचिगाल्पा भागात ऊसतोड कामगार ऐन तारुण्यात मूत्रपिंडाच्या आजाराने मरू लागले. उन्हातले अतिश्रम आणि अपुरे पाणी यांच्याशी त्याचा संबंध असल्याचे अभ्यासांतून पुढे आले. मग तिथल्या मोठ्या कारखान्याने संशोधकांच्या सोबतीने पाणी, विश्रांती आणि सावली यांचे वेळापत्रक फडात लागू केले. तिथे फडातल्या कामाची जबाबदारी कारखान्याने घेतली म्हणून हे जमले. मार्चच्या उन्हात आपल्या कोयत्याला सावली द्यायची ठरवली तर आदेश कुणाला काढायचा? मुकादमाला?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. गाळप होणाऱ्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. राज्यात हंगामाला साडेआठशे ते हजार लाख टन ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांच्याच वाट्याचे ८५ ते १०० कोटी रुपये दरवर्षी जमायला हवेत. संत भगवानबाबांच्या नावाची ८२ वसतिगृहे ४१ तालुक्यांसाठी मंजूर झाली. ग्रामसेवकाकडून नोंदणी आणि ओळखपत्र देण्याचे कामही सुरू झाले. हे सगळे चांगलेच आहे आणि वाढायला हवे. पण हे कामगाराच्या गावी सुरू होते आणि त्याच्या गावीच थांबते. ओळखपत्र बीडचे, आणि हात तुटतो कर्नाटकात.

दरम्यान यंत्र आले आहे. २०२३ मध्ये राज्याने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केले, किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख रुपये. कोयता माणसाच्या हातून सुटावा, हे आम्हालाही हवे आहे. मात्र ३५ लाख यंत्राच्या मालकाला मिळणार असतील तर त्या यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांच्यासाठी त्याच निर्णयात एक ओळ तरी असायला हवी होती. त्यांना जिल्ह्यातच काम देण्याची वाटही आता आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली, १९९५ पासूनचे स्वप्न तीस वर्षांनी निम्म्याहून जास्त पुरे झाले. या रेल्वेतून कामगार बाहेर नेण्यापेक्षा काम आत आणण्याचा विचार जिल्ह्याच्या पालकत्वासाठी भांडणाऱ्यांनी करावा.

तोपर्यंत पुढच्या करारात काय हवे ते स्पष्ट आहे. मजुरीची बोलणी सुरू होण्याआधी कारखान्याने आपण मालक असल्याचे लिहून द्यावे. प्रत्येक टोळीची यादी माणसागणिक व्हावी, कोयत्यागणिक नव्हे, आणि बाईचे नाव, तिचे बँक खाते, तिचा अर्धा हिस्सा त्यात वेगळा असावा. वजनाची पावती रोजच्या रोज कामगाराच्या हाती पडावी. उचल कारखान्याने थेट खात्यावर द्यावी आणि फिटलेली रक्कम दर पंधरवड्याला लेखी कळवावी. पाळीच्या, बाळंतपणाच्या आणि आजाराच्या दिवसांना खाडा लागू नये. तळावर पाणी, संडास, दिवा आणि मुलांची शाळा यांवाचून गाळप परवाना मिळू नये. तो परवाना देणारे साखर आयुक्तालय पुण्यात आहे आणि हे त्याच्या अखत्यारीत बसते. आणि किमान वेतनाच्या अधिसूचनेत ऊसतोडणी आणून गुजरातेएवढा तरी दर महाराष्ट्राने द्यावा. म्हणजे नंदुरबारच्या माणसाला त्याच कामासाठी राज्य सोडावे लागणार नाही आणि बीडच्या माणसाला तीन वर्षांनी पुन्हा संपावर बसावे लागणार नाही.

या मागण्या घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळात बीडच्या नेत्यांबरोबर नवापूर-अक्कलकुव्याचे प्रतिनिधी असावेत आणि निदान निम्म्या जागांवर फडात मोळी वाहिलेल्या बायका बसाव्यात.