चालू जनरेटरजवळ कुणीतरी असू द्या

प्रति,
आयुक्त, मिरा-भाईंदर महानगरपालिका,
मुख्य अग्निशमन अधिकारी, शहराचे परिवहन अधिकारी,
आणि व्हॅनिटी, कॅराव्हॅन व जनरेटर भाड्याने देणारे सर्व मालक

महोदय,

23 डिसेंबर 2024 रोजी केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. लग्नाची मंडळी पोचवून परतताना त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि एसी चालू ठेवून आत विश्रांती घेतली. एसीला वीज पुरवणारा जनरेटर गाडीतच बसवलेला होता. गाडी बराच वेळ जागची हलली नाही, तेव्हा कुठे आसपासच्या लोकांना शंका आली. पुढे कोझिकोडच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. गाडीच्या तळातल्या भोकातून जनरेटरचा धूर आत शिरत होता आणि दोन तासांत आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण 957 पीपीएमवर गेले होते. आपल्या देशाच्या हवेच्या मानकानुसार या वायूची तासाभराची मर्यादा घनमीटरला 4 मिलिग्रॅम आहे. दोन्ही आकडे एकाच एककात आणले तर त्या गाडीतली हवा या मर्यादेच्या अडीचशे पटींच्याही पुढे गेली होती.

वडकरा भाईंदरपासून लांब आहे, हे मान्य. पण तशा गाड्या आपल्याकडे रोज उभ्या असतात. काशिमिरा-घोडबंदर पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणे चालतात, त्यांच्या व्हॅनिटी रांगेने लागतात. शनिवार-रविवारी मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर झोपायची सोय असलेली एखादी गाडी दिसतेच. 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच आणले, त्यामुळे या गाड्या वाढणार आहेत. त्यात गणपती-नवरात्राचे मंडप, लग्नाचे हॉल, 60 फुटी रस्त्यावरच्या दुकानांबाहेर साखळीने बांधून ठेवलेले पेट्रोलचे लहान जनरेटर धरा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते: यंत्र सुरू करून देणारा माणूस थोड्याच वेळात तिथे नसतो.

हे पत्र त्या गैरहजेरीबद्दल आहे. जनरेटर वाईट, तो बंद करा, असे मी म्हणत नाही. दुपारच्या उकाड्यात पत्र्याच्या गाडीत मेकअप करून बसणाऱ्याला एसी नको असे सांगणे सोपे आहे, सांगणारा स्वतः पंख्याखाली असतो म्हणून.

सुरू करताना सुरक्षित असलेला जनरेटर दोन तासांनी तसाच सुरक्षित असेल, ही समजूत खोटी आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. संध्याकाळी उत्तनला गाडी लावताना धुराड्याचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवले, धूर छान दूर गेला, आपण जेवायला गेलो. वारा फिरला की तोच धूर गाडीकडे परततो. कधी शेजारी दुसरी व्हॅनिटी येऊन चिकटून लागते आणि आपला धूर तिच्या तळाखाली साचतो. पाऊस आला म्हणून एखादा मदतनीस भल्या मनाने जनरेटरवर ताडपत्री टाकतो. यातले काहीच यंत्राला कळत नाही. तेल कमी झाले की आपोआप बंद होणारी यंत्रे मिळतात, पण हवा विषारी झाली म्हणून बंद होणारी आपल्याकडे क्वचितच. काही नव्या कॅराव्हॅनमध्ये तर बॅटरी उतरली की जनरेटर स्वतःहून सुरू होण्याची सोय असते. म्हणजे तो सुरू करायलाही माणूस लागत नाही. गाडीत कुणी झोपले असेल, मूल किंवा कुत्रा ठेवला असेल, तर ही सोय बंदच ठेवली पाहिजे.

आणि ‘गाडीत कुणी नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते. साहेब सेटवर, मॅडम हॉटेलात, पण ड्रायव्हर आत झोपलेला असतो. चौदा-पंधरा तासांच्या ड्युटीनंतर थंड हवा मिळाली तर तो झोपणारच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवते. जाग्या माणसाचे डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि तो दार उघडून बाहेर येऊ शकतो. झोपलेल्याला ती संधी मिळत नाही.

आणखी एक गैरसमज. काळा धूर ओकणारे डिझेलचे धूड आपल्याला भीतीदायक वाटते आणि पेट्रोलचा सुटसुटीत, धूर न दिसणारा जनरेटर निरुपद्रवी. या वायूपुरते प्रत्यक्षात उलटे आहे. पेट्रोलचे लहान इंजिन डिझेलच्या तुलनेत कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडते. ‘सायलेंट’ जनरेटरचा खोका फक्त आवाज कोंडतो. म्हणून दुकानाच्या अर्धवट ओढलेल्या शटरआड किंवा पोटमाळ्याच्या जिन्याखाली ठेवलेला तो छोटा डबा मला मंडपामागच्या मोठ्या जनसेटपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर आणि धुराचे तोंड विरुद्ध दिशेला, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. आपल्या गाळ्यांच्या ओळीत वीस फूट कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इन्व्हर्टर हे आहे, आत ठेवलेला जनरेटर नव्हे.

आता मागण्या.

आयुक्तसाहेब, मंडप आणि चित्रीकरणाच्या परवानगीत जनरेटरसाठी जबाबदार असलेल्या एका माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहून घ्या. मंडळाच्या अध्यक्षांचे किंवा निर्मात्याचे नाव नको. जो डिझेल भरतो, लोड बघतो आणि यंत्र चालू असेपर्यंत हाकेच्या अंतरावर थांबतो, त्याचे हवे. तो जेवायला गेला तर बदली कोण, तेही लिहा. वाढीव पगार मालकाला परवडणार नाही, अशी ओरड होईल. मग जनरेटर बंद ठेवावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या यंत्राची गरजच कमी करा. गणेश मंडळांना वीज कंपन्या घरगुती दराने तात्पुरती जोडणी देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. तशीच सोय नेताजी सुभाषचंद्र बोस मैदानावर, उत्तनच्या वाहनतळावर आणि चित्रीकरणाच्या नेहमीच्या जागी मीटरसह कायमची का नसावी? गाडी आली, वायर लावली, युनिटप्रमाणे पैसे दिले. कॅराव्हॅन पार्कची कल्पनाच वीज-पाण्याच्या सोयीवर उभी आहे. आपण पार्क बांधू तेव्हा बांधू, आज दहा सॉकेट तरी बसवू शकतो.

परिवहन अधिकाऱ्यांना विनंती: शहराला आता स्वतःचे कार्यालय मिळाले आहे, तर या गाड्यांच्या फिटनेस तपासणीत जनरेटरही धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. तरी गॅरेजमध्ये फरशीला भोक पाडून वायर नि पाइप घातले जातात आणि ती फट चिंधी कोंबून बुजवली जाते. तपासनीसाने गाडीखाली वाकून बघितले तर पाच मिनिटांत कळेल. धुराचा पाइप गाडीच्या कडेबाहेर निघतो का, जोडावर गळती आहे का, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, एवढे पाहा. हा अलार्म काही हजारांत मिळतो. आगीच्या धुराचा डिटेक्टर हे काम करत नाही, ही गोष्ट कित्येक मालकांनाही माहीत नसते.

अग्निशमन दलाने मंडपांची पाहणी करताना दोन गोष्टींवर नजर टाकावी. गरम इंजिनात कॅनने पेट्रोल ओतले जाते का, हे एक. दुसरे म्हणजे चेंजओव्हर स्विच आहे का. तो नसताना जनरेटरची वायर थेट दुकानाच्या सॉकेटमध्ये खुपसली की वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि पुरवठा बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

रुग्णालयांसाठी एक सूचना, विशेषतः टेंभा इथल्या भीमसेन जोशी रुग्णालयाच्या अपघात विभागासाठी. बंद गाडीतून किंवा दुकानातून बेशुद्ध माणूस आला तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगला दाखवतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. रक्ताची को-ऑक्सिमेट्री करावी लागते, आणि अहवालाची वाट न बघता आधी मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन.

मालकांनो, तुमच्यासाठी फार लिहीत नाही. तुमच्या ड्रायव्हरला झोपायला चालू जनरेटरची गाडी हीच एकमेव जागा असेल, तर वरच्या सगळ्या सूचना वाया आहेत. त्याला खोली द्या, नाहीतर जनरेटर बंद करून, खिडक्या उघडून झोपायला सांगा आणि डासांसाठी जाळी लावून द्या.

आयुक्तसाहेब, मंडपांच्या परवानगीचे अर्ज दरवर्षी निघतात. यंदाच्या अर्जात जनरेटर सांभाळणाऱ्याच्या नावाची एक ओळ वाढवा. तिला खर्च काही नाही, आणि ठरावाचीही वाट पाहायला नको.

आपला,
भाईंदर पश्चिमेचा एक रहिवासी