महापुरातील संदेश आणि केसपेपरची शिस्त

वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात, कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत निपाणी-चिकोडीच्या परिसरात येतात आणि अखेरीस कृष्णेला मिळतात. त्यांच्या पाण्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. त्या पाण्याविषयीची माहिती मात्र सीमेवर हमखास अडखळते. पाटगाव किंवा काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढविल्याची सूचना महाराष्ट्रात मराठीतून निघते. तिचा परिणाम काही तासांनी जत्राट-भिवशी, सिद्नाळ-अक्कोळ, कारदगा-भोज किंवा मलिकवाड-दत्तवाड या बंधाऱ्यांवर दिसतो, आणि तेथील सूचना बेळगावहून कन्नडमधून निघते. दोन राज्ये, दोन भाषा, दोन नियंत्रण कक्ष आणि मधोमध एकच पूर, अशी आपल्या सीमाभागाची स्थिती आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये या स्थितीचा आपण सर्वांनी अनुभव घेतला. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले, बंधारे पाण्याखाली गेले, रुग्णालये आणि गावे यांचा संबंध तुटला. त्या दिवसांत माहितीची पोकळी भरून काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर तरुण स्वयंसेवकांनी केले. कोणता रस्ता सुरू आहे, कोठे बोट हवी आहे, कोणत्या शाळेत निवारा केंद्र आहे, कोणाला औषध हवे आहे, हे सारे मोबाईलच्या पडद्यावरून गावोगावी आणि पुण्या-मुंबईपासून परदेशातील नातेवाइकांपर्यंत पोहोचत होते. या तरुणांचे ऋण मान्य करूनच पुढील विचार मांडावयाचा आहे. सद्भावनेला शिस्तीची जोड नसेल, तर तीच सद्भावना संकटकाळी भार होऊन बसते. आणि ती शिस्त शिकविण्यास वैद्यकीय व्यावसायिकांइतका योग्य वर्ग समाजात दुसरा क्वचितच असेल.

हा उपक्रम वाटतो तितका नवा नाही. इंटरनेट सामान्यांच्या हाती येण्यापूर्वी हे काम हौशी रेडिओचालक करीत असत. २००१ च्या २६ जानेवारीला भूज येथे भूकंप झाला, तेव्हा दूरध्वनी बंद पडलेल्या भागातून निरोप पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली, त्यानंतर पीटर ग्रिफिन, दिना मेहता, रोहित गुप्ता प्रभृतींनी इंटरनेटवर माहितीचे एक केंद्र उभे केले आणि पाहता पाहता अनेक देशांतील स्वयंसेवक त्यास जोडले गेले. पुढे २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनीही याच मार्गाने एकमेकांना मदतीची माहिती पुरविली. २०१८ च्या केरळच्या महापुरात तर स्वयंसेवक संगणकतज्ज्ञांनी शासनाच्या सहकार्याने एक संकेतस्थळच चालविले आणि मदतीच्या विनंत्या तेथे नोंदविल्या जाऊ लागल्या.

आपल्या सीमाभागाला विशेष उपयोगी पडेल असे उदाहरण मात्र दूरच्या हैती देशाचे आहे. २०१० च्या १२ जानेवारीला तेथे भीषण भूकंप झाला. संकटग्रस्त लोक ४६३६ या क्रमांकावर आपल्या क्रेओल भाषेत लघुसंदेश पाठवीत होते. मदतीस आलेल्या परदेशी पथकांना ती भाषा येत नव्हती. तेव्हा अन्य देशांत स्थायिक झालेले हैतीचे नागरिक पुढे आले. घरी बसून त्यांनी त्या संदेशांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ठिकाणे नकाशावर नेमकी दाखविली. त्याच सुमारास उपग्रहचित्रांवरून राजधानीचे रस्ते रेखाटण्याचे काम जगभरचे स्वयंसेवक करीत होते. संकटस्थळी वीज नसते, उसंत नसते. दूर असलेल्या माणसापाशी या दोन्ही गोष्टी असतात. शिवाय त्याला गावाची भाषा आणि गल्ल्या ठाऊक असतील, तर त्याची मदत अमूल्य ठरते. निपाणी, खानापूर, चिकोडीची किती तरी मुले आज पुण्यात, बेंगळुरूत आणि परदेशांत आहेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सहज जाणणारे लोक तर आपल्या घराघरांत आहेत. भाषेच्या प्रश्नावर आपली मते काहीही असोत, पुराच्या रात्री दोन्ही भाषा येणे हे आपले भांडवल आहे.

आता या कार्यातील दोषांकडे वळू. पहिला दोष म्हणजे वेळेचा उल्लेख नसणे. 'पाणी वाढत आहे, पूल बंद' हा संदेश सकाळी सहाला खरा असतो. तो दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा फिरू लागतो, तेव्हा कदाचित पूल खुला झालेला असतो. दुसरा दोष आकड्यांचा आहे. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. म्हणजेच क्युमेक आणि क्युसेक यांची गल्लत झाल्यास विसर्ग पस्तीसपटीने चुकतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांतील गल्लतीचे परिणाम जाणणाऱ्या डॉक्टरांस याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. पाणीपातळीचेही तसेच आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, सांगलीच्या आयर्विन पुलावर ती ४५ फूट आहे. कोणत्या ठिकाणची पातळी हे न सांगता '४४ फूट' एवढेच कळविले, तर एकीकडे ती धोक्याच्या वर आणि दुसरीकडे खाली असते.

तिसरा दोष अफवेचा. येथे सारा ठपका इंटरनेटवर ठेवणे योग्य होणार नाही. २००५ च्या जुलैमध्ये मुंबईतील जुहूच्या नेहरूनगर वस्तीत त्सुनामी आल्याची व धरण फुटल्याची अफवा तोंडातोंडी पसरली आणि चेंगराचेंगरीत अनेकांचे, त्यांत लहान मुलांचेही, प्राण गेले. अफवा मुखानेही चालते. मोबाईलने तिला वेग मात्र दिला. २०१८ मध्ये मुल्लपेरियार धरणाविषयीच्या खोट्या ध्वनिफितीने केरळमध्ये घबराट पसरविली होती. आपल्याकडे अलमट्टी आणि कोयना यांविषयी दर पावसाळ्यात काय काय पसरते, हे वाचकांस ठाऊक आहेच. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील कलम ५४ अन्वये खोटा इशारा देऊन घबराट पसरविणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. परंतु शिक्षा नंतर होते, चेंगराचेंगरी आधी.

चौथा दोष अधिक गंभीर असून त्याची चर्चा फारशी होत नाही. मदतीची विनंती पुढे पाठविणारे शेकडो असतात. ती पूर्ण झाल्याचे कळविणारे क्वचितच. समजा, एका गावातील आठ महिन्यांच्या गर्भवतीस बोट हवी असल्याचा संदेश निघाला. दोन तासांत ती सुखरूप बाहेर पडली. संदेश मात्र दोन दिवस फिरत राहिला. केरळमध्येही सुटका झालेल्यांसाठीच्या विनंत्या अशाच पुन्हा पुन्हा येत राहिल्या होत्या. त्या संदेशावर विसंबून बोट त्या गावी गेली, तर ती दुसऱ्या एखाद्या गावी जात नाही, ही या दोषाची खरी किंमत आहे. त्यातच त्या स्त्रीचे नाव, आजार, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक हजारो अनोळखी माणसांच्या हाती कायमचे राहतात. दवाखान्यात जी गोष्ट आपण तिच्या शेजाऱ्यालाही सांगत नाही, ती संकटाच्या नावाखाली जगजाहीर करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

या चारही दोषांवरचा उपाय प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पूर्वीपासून आहे. तो म्हणजे केसपेपर. त्यावर तारीख व वेळ असते. कोणी तपासले त्याची सही असते. तक्रार कोणी सांगितली, प्रत्यक्ष काय आढळले, हे निरनिराळे लिहिले जाते. मात्रा एककासह लिहिली जाते. आणि रुग्ण घरी गेला की नोंद बंद होते. पुरातील प्रत्येक संदेश याच रीतीने लिहिला गेला पाहिजे: केव्हा, कोठे, कोणी पाहिले, काय हवे, आणि काम झाल्यावर 'पूर्ण झाले' असा शेवट. ऐकीव माहिती असेल तर ती ऐकीव आहे असे म्हणावे. नाव-क्रमांक तालुक्याच्या नियंत्रण कक्षास किंवा १०७७, ११२, १०८ या क्रमांकांवर कळवावा. सार्वजनिक संदेशात 'एक गर्भवती, आठवा महिना, अमुक गल्ली' एवढे पुरे.

आरोग्यविषयक संदेशांची जबाबदारी तर थेट आपलीच आहे. पूर ओसरू लागला की लेप्टोस्पायरोसिसची भीती पसरते आणि डॉक्सिसायक्लीनच्या सल्ल्याचे संदेश फिरू लागतात. प्रौढांसाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम ही प्रतिबंधक मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावयाची असते. गर्भवती आणि लहान मुले यांना ती देत नाहीत, हे वाक्य त्या संदेशातून नेमके गळालेले असते. सर्पदंशावर घट्ट आवळपट्टी बांधण्याचे व जखम कापण्याचे सल्ले आजही फिरतात. त्यात गेलेला वेळ आणि होणारी इजा आपण जाणतो. वीज गेल्यावर इन्सुलिन निकामी झाले असे समजून ते फेकून देणारे रुग्ण असतात. वापरात असलेली कुपी उष्णतेपासून दूर, गार जागी ठेवल्यास साधारणपणे महिनाभर चालते, एवढे साधे वाक्य वेळेवर पोहोचले तर मधुमेहाच्या रुग्णाची उपचाराविना होणारी परवड टळेल.

म्हणून आपल्या संस्थेने पुढील गोष्टी हाती घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. दर वर्षी मे महिन्यात अशा आरोग्यसूचना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत तयार करून त्यांवर संस्थेचे नाव व तारीख घालावी. प्रत्येक तालुक्यात संदेशांची खातरजमा करणारे दोन सदस्य नेमावेत. डायलिसिसवरील रुग्ण, इन्सुलिन घेणारे आणि दिवस भरत आलेल्या स्त्रिया यांची गाववार यादी आशा कार्यकर्त्यांच्या साहाय्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी. ती कोणत्याही गटावर टाकू नये. कागल, गडहिंग्लज, कुरुंदवाड येथील व्यवसायबंधूंशी पावसाळ्यापूर्वीच संपर्क जोडावा, म्हणजे वरच्या विसर्गाची अधिकृत सूचना खालच्या गावांना त्यांच्या भाषेत तत्काळ कळेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. हे काम शासनाचे आहे, हा पहिला. तो बरोबर आहे आणि स्वयंसेवकांनी शासनाची जागा घेऊ नये, हेही खरे. परंतु दोन शासनांच्या मधली जागा कोणाचीच नसते. तेथे आपल्यासारख्या संस्थाच उपयोगी पडतात. दुसरा आक्षेप असा, की पुरात मनोरे बंद पडतात, मोबाईल विझतात, आणि ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे त्या वृद्धांपाशी तो नसतोच. हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर जुन्या साधनांत आहे. खातरजमा झालेला संदेश दवंडीने, मंदिर-मशिदीच्या ध्वनिवर्धकाने आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने गेला पाहिजे. गावाबाहेर माहिती नेण्यास इंटरनेट आणि गावात ती पोहोचविण्यास माणूस, अशी ही विभागणी राहील.

पुढचा पूर केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तो येईल याविषयी मात्र नदीकाठी कोणास शंका नाही. त्या रात्री आपल्या तरुणांच्या हाती मोबाईल असणारच आहे. पाठविण्यापूर्वी वेळ, ठिकाण आणि आपले नाव लिहिण्याची सवय त्यांना त्याआधी लागलेली असावी, आणि ती लावण्याचे काम येत्या जूनपूर्वी आपण सुरू करावे, एवढीच विनंती.