कोणता ग्रह घ्यावा?

सुट्टी लागली की घराघरातून एकच तक्रार ऐकू येते: मुलगा संगणकासमोरून उठत नाही. आमच्या घरीही वेगळे नाही. मागच्या महिन्यात एका रात्री चार हाका मारूनही धाकटा जेवायला आला नाही, म्हणून मी रागानेच त्याच्या खोलीत गेलो. तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "अब्बा, चौदा ग्रह घेतले आणि पार बुडालो."

दुकान वाढवून बुडालेली माणसे मी पाहिली आहेत. ग्रह घेऊन बुडालेला हा पहिलाच. राग बाजूला ठेवून मी खुर्ची ओढली आणि विचारले, "कसा बुडालास ते सांग."

खेळाचे नाव स्टेलारिस. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१६ साली आणला. खेळातले साल २२०० असते. तुमच्याकडे एक ग्रह, थोडी जहाजे आणि समोर अफाट आकाश. तारे शोधायचे, तिथले ग्रह तपासायचे आणि वस्ती कुठे करायची ते ठरवायचे. सगळा खेळ या ठरवण्यावर उभा आहे. आमच्या चिरंजीवांनी मात्र ठरवलेच नव्हते. जो ग्रह दिसला तो घेतला होता.

वस्ती फुकट होत नाही. आमच्याकडच्या आवृत्तीत एक वसाहत-जहाज बांधायला २०० मिश्रधातू, २०० अन्न आणि २०० घरगुती वापराचा माल लागतो. जहाज पोहोचले तरी वस्ती उभी राहायला वेळ जातो आणि तोवर तिचा खर्च घरूनच चालतो. म्हणजे नवा ग्रह आधी घेतो, देतो फार उशिरा. असे एकदम सहा ग्रह घेतले, तर सहा तोंडे वाढतात आणि कमावणारा हात एकच राहतो. शिवाय राज्याचा पसारा वाढला की प्रत्येक नवे संशोधनही महाग होते. धाकट्याचे नेमके हेच झाले होते.

"मग ग्रह चांगला की वाईट हे कळते कसे?" मी विचारले. त्याने एक आकडा दाखवला. प्रत्येक ग्रहापुढे राहण्याजोगेपणाची टक्केवारी लिहिलेली असते. नेहमीच्या ग्रहांचे तीन गट आहेत: ओले, कोरडे आणि थंड. त्याने निवडलेले लोक सागरी ग्रहावरचे. (कोकणातल्या पोराने दुसरे काय निवडावे!) त्यांना दुसरा सागरी ग्रह ८० टक्के मानवतो, ओल्या गटातला दुसरा ग्रह ६० टक्के, आणि वाळवंटी किंवा बर्फाळ ग्रह फक्त २० टक्के. टक्के जितके कमी, तितका माणसाला सांभाळण्याचा खर्च जास्त, काम कमी आणि वस्तीची वाढ मंद. २० टक्क्यांच्या ग्रहावर माणशी खर्च ८० टक्क्यांनी चढतो आणि कामातून मिळणारे उत्पन्न ४० टक्क्यांनी उतरते. चौदांपैकी आठ ग्रह असलेच होते.

मग आम्ही दोघांनी खेळ नव्याने सुरू केला. या वेळी प्रत्येक ग्रहापुढे थांबून चार गोष्टी पाहायच्या असे ठरले. तिथली हवा आपल्या माणसांना मानवते का? ग्रह केवढा आहे? दहा आकाराच्या ग्रहावर जेवढे विभाग वसतात, त्याच्या अडीचपट पंचवीस आकाराच्या ग्रहावर वसतात. तो घराजवळ आहे की शेजाऱ्याच्या सीमेवर? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, तिथे आपण करणार काय? शेती, खाणकाम की कारखाने? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो ग्रह आपल्याला अजून नको.

न मानवणाऱ्या ग्रहांवरही उपाय आहे. ज्यांना ती हवा मानवते अशा दुसऱ्या लोकांशी स्थलांतराचा करार करता येतो. मग वाळवंटात वाळवंटाचेच लोक जाऊन राहतात. पुढे विज्ञान वाढल्यावर ग्रहाची हवाच बदलता येते. घाई मात्र कशातच उपयोगी नाही.

एका ग्रहावर आमचे अडले. हवा उत्तम, आकार मोठा, घराला लागून. पण तिथे आधीच लोक राहत होते, अजून अंतराळात न पोहोचलेले. फौज उतरवली तर ग्रह आपला. धाकट्याचे बोट बटणावरच होते. तेवढ्यात ताट घेऊन आलेली त्याची अम्मी म्हणाली, "आणि ते लोक कुठे जायचे?"

"अम्मी, खेळच आहे ना!"

"असू दे. पण ठरवतोयस तूच ना?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने त्या ग्रहाभोवती निरीक्षण-केंद्र बांधले. त्यातून संशोधनाला हातभार लागतो आणि खालचे लोक आपल्या जागी राहतात. राज्य काही त्यामुळे मागे पडले नाही.

हे सारे थोरला दारात उभा राहून ऐकत होता. त्याची डिप्लोमा नुकतीच झाली आहे आणि आखाती देशातून नोकरीचे बोलावणे आले आहे. मी स्वतः चौदा वर्षे कुवेतला काढली. त्याने हळूच विचारले, "अब्बा, तिथे तुमचे किती टक्के होते?"

मी हसलो, पण उत्तर खरे दिले. "सुरुवातीला वीसच असतील. पगाराचा आकडा सगळ्यांनी सांगितला, हा आकडा कोणी सांगितला नव्हता."

त्या रात्री जेवणानंतर आम्ही कागद घेऊन बसलो. पगार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खोलीचे भाडे, खाणे, तिकीट, जाण्यासाठी काढावे लागणारे कर्ज, आणि पहिल्या वर्षात घरी येता येईल की नाही. खाली एक ओळ मोकळी ठेवली: तिथे मी नेमके काय शिकणार? थोरल्याने अजून निर्णय घेतलेला नाही. पण आता तो आकडे स्वतः मांडतो आहे. जायचे ठरले तर डोळे उघडे ठेवून जाईल, एवढे मला पुरे आहे.

पालकांना एकच सांगणे. मशीन बंद करण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, "हा ग्रह का घेतलास?" मुलाला उत्तर देता आले, तर तो विचार करून खेळतो आहे. आले नाही, तर तुमच्या प्रश्नाने विचार करू लागेल.

आणि हो, एकट्याने खेळताना हा खेळ हवा तेव्हा थांबवता येतो, साठवूनही ठेवता येतो, हे मला त्याच रात्री कळले. त्यामुळे "अब्बा, दोनच मिनिटं" हे आता आमच्या घरी चालत नाही. पहिल्या हाकेला ताटावर यायचे. ग्रह कुठे पळून जात नाहीत.