हाकेला ‘ओ’ हवी

कायाक म्हणजे एका माणसाची, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. अमेरिका, न्यूझीलंड येथील हौशी लोक तीत बसून समुद्रात गळ टाकतात. बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच. आता पायथॅगोरसचे प्रमेय आठवा, पृथ्वीची त्रिज्या ६३७० किलोमीटर धरा आणि क्षितिज किती दूर ते काढा. उत्तर येते अवघे साडेतीन किलोमीटर! हातातल्या बिनतारी संचाच्या लहरीही जवळजवळ सरळच जातात; तेव्हा त्यांचीही फार मोठी मजल नाही. म्हणून हे लोक जाकिटाला तळहाताएवढे उपग्रह-यंत्र बांधतात. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतला एखादा क्षितिजाच्या वर असतोच.

माझ्या मते या यंत्राचे खरे मोल संदेश जाण्यात नाही, उत्तर येण्यात आहे. आपल्या कोळी बांधवांसाठी ‘इस्रो’ने केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आले. कळ दाबली की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला नावेचे ठिकाण कळे. पण हाक पोचली की नाही, हे नावेतल्याला कळत नसे. मग त्याने थांबावे, की उरले बळ वल्ह्यावर घालवावे? २०२४ सालच्या सुधारित यंत्रात पोच मिळते, वादळाचा इशाराही येतो. ते मोठ्या ट्रॉलरच्या आधी लहान होडीला मिळावे, असे मला वाटते. ट्रॉलरवर पाच-दहा माणसे असतात, उंच डोलकाठी असते. होडीवाला पुष्कळदा एकटाच असतो.