अक्षर रेखणारे आणि अक्षर चालविणारे

मनोरीच्या धक्क्यावर मार्वेला जाणाऱ्या होडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला जन्माचा दाखला, मालमत्ता पत्रक किंवा सात-बाराचा उतारा हवा असेल, तर त्याने प्रथम हातातील मोबाइलकडे पाहावे अशी आज शासनाची अपेक्षा असते. आणि ज्या कचेऱ्यांत खेटे घालण्यासाठी खाडी ओलांडून सबंध दिवस मोडावा लागे, त्या कचेऱ्यांची खिडकी अशा रीतीने त्याच्या हाताशी आली, हा सामान्य माणसाच्या दृष्टीने खरोखरच मोठा लाभ आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. तेव्हा ज्या पानावर ती सेवा मागावयाची, ते पान विनासायास वाचता येणे हाही त्याच हक्काचा भाग मानला पाहिजे. मराठी पानांच्या बाबतीत ही गोष्ट अद्याप पुष्कळ ठिकाणी साधलेली नाही, आणि तिचे कारण कोणा एकाच्या अज्ञानात नसून कामाची वाटणी करण्याच्या आपल्या रीतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही रीत अशी. एखादे खाते, सहकारी बँक किंवा शिक्षणसंस्था नवे संकेतस्थळ करावयाचे ठरविते. त्याचे रूप ठरविण्याचे काम बाहेरच्या डिझाइन संस्थेकडे मक्त्याने जाते. ती संस्था फिग्मासारख्या साधनात पडद्यांची सुबक चित्रे तयार करते, त्यांवर वरिष्ठांची मान्यता मिळते, देयक चुकते होते, आणि मग त्या चित्रांची रवानगी डेव्हलपरांकडे होते, ज्यांना ती चित्रे आकार घेत असताना कोणी एक शब्दही विचारलेला नसतो. चित्रांतील मजकूर बहुधा इंग्रजी असतो, नाहीतर जागा भरण्यापुरता घातलेला निरर्थक लॅटिन. मराठी मजकूर सर्वांच्या शेवटी, कोड लिहून झाल्यावर, भाषांतरित होऊन येतो.

यात काय हरवते, ते एकाच अक्षरावरून दाखविता येईल. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे आहेत. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणीकृत केली, आणि शासकीय व्यवहारात हीच दोन वळणे वापरली जावीत असा आदेश २०२२ च्या निर्णयाने दिला. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. ज्या फॉन्टच्या कर्त्याने मनापासून परिश्रम घेतलेले असतात, त्यात दोन्ही वळणे शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्यांतील कोणते दाखवावयाचे हे ब्राउझर ठरवितो, आणि तो ते ठरवितो पानाच्या आरंभी कोडमध्ये भाषा कोणती नोंदविली आहे यावरून. तेथे मराठीची ‘एमआर’ ही खूण असेल तर मराठी वळण उमटते. जुन्या नमुन्यातून उचललेली इंग्रजीची ‘ईएन’ ही खूण तशीच राहून गेली असेल, तर फॉन्टचे मूळ वळण, म्हणजे बहुधा हिंदी वळण, पुढे येते. अक्षर रेखणाऱ्याने कित्येक महिने खपून केलेले काम दोन अक्षरांच्या नोंदीअभावी त्या फॉन्टमध्ये निजून राहते, आणि ती नोंद करणे ज्याच्या हाती होते त्या डेव्हलपरला असे काही काम तेथे झालेले आहे याची वार्ताही नसते. या खुणेचे महत्त्व येथेच संपत नाही. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखविणारी साधनेही तिच्याच आधारे कोणत्या भाषेचे उच्चार करावयाचे ते ठरवितात. खूण चुकली की शुद्ध मराठी मजकूर इंग्रजी उच्चारयंत्राच्या तोंडी पडतो आणि ज्याला डोळ्यांचा आधार नाही त्याची वाटच बंद होते. अशा चुकीला मी किरकोळ म्हणावयास तयार नाही.

दुसरी उदाहरणे थोडक्यात सांगतो. ‘मूर्तींना’ या शब्दात शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र येतात, तर ‘कुटुंब’ या शब्दात उकार रेषेखाली उतरतात. इंग्रजी अक्षरे पाहून ठरविलेल्या ओळींच्या अंतरात ही चिन्हे छाटली जातात. इंग्रजी मथळ्यांत शोभणारे अक्षरांतील वाढीव अंतर मराठी मथळ्याला लावले की शिरोरेषेचे तुकडे होतात. ‘मालमत्ताधारकांसाठीच्या’ यासारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्द अरुंद बटणात मावत नाही, तो चौकटीबाहेर जातो.

आपल्याकडे हे काम पूर्वी कसे होत असे, हे आठवण्यासारखे आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला तेव्हा राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरांचे ठसे कोरणारा कुशल कारागीर त्यांच्या जोडीला होता. कागदावर उमटलेले अक्षर दोषी वाटले तर ठसा पुन्हा कोरता येत असे, कारण कोरणारा आणि छापणारा यांच्यामध्ये कोणताही करारनामा आडवा येत नव्हता. आमच्या मुंबईच्या उपनगरातही या परंपरेचा एक उज्ज्वल अध्याय घडला. जाहिरातक्षेत्रातून पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापनासाठी आलेले अक्षरकार र. कृ. जोशी पुढे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकतज्ज्ञांसमवेत भारतीय लिप्यांवर काम करू लागले. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. जोशी त्या शास्त्रज्ञांच्या व्यवसायातले नव्हते, कलावंत होते. परंतु मात्रा कोठे बसावी आणि जोडाक्षर कसे घडावे हे आज्ञावलीत उतरविणाऱ्यांच्या सहवासात ते राहिले, म्हणूनच त्यांचे सौंदर्यज्ञान यंत्राला शिकविता आले.

यावर कोणी म्हणेल की बाहेरच्या संस्थांचा हा खटाटोपच नको, डिझायनर आणि डेव्हलपर दोघेही आपल्याच सेवेत असावेत. ब्रिटिश शासनाने २०११ मध्ये असेच खाते निर्माण केले, आणि २०१२ मध्ये त्याने उभारलेल्या ‘गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळाला पुढल्याच वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातील सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. हे उदाहरण आदरणीय आहे, परंतु एखादी पतपेढी किंवा नगर परिषद असे खाते पोसू शकणार नाही. शिवाय अक्षरांचे ज्ञान दीर्घ आणि एकाग्र उपासनेने येते; ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट देणारी मुंबईतील ‘एक टाइप’ ही संस्था जे करू शकते, ते कोणत्याही कचेरीच्या आस्थापनेवर सहजासहजी घडणारे नाही. बाहेरचे ज्ञान आपल्याला हवेच आहे. ते चित्रांच्या गठ्ठ्यातून नव्हे, माणसांच्या संगतीतून घेतले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे.

त्यासाठी करारनाम्याचा मसुदाच बदलावा लागेल. पहिल्या रेखाटनाच्या वेळी डेव्हलपर उपस्थित असावा आणि अमुक गोष्ट मोबाइलवर चालणार नाही अशी हरकत नोंदविण्याचा त्याला अधिकार असावा. शेवटचे पान चालू होईपर्यंत डिझायनर बांधलेला असावा, आणि त्या वाढीव काळाचा मोबदला त्याला मिळावा, कारण फुकटच्या सौजन्यावर अशी कामे तग धरत नाहीत. खरा मराठी मजकूर हाती आल्याशिवाय एकाही चित्रावर शिक्कामोर्तब होऊ नये. दोघांची संयुक्त जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे, ही भीती रास्त आहे. म्हणून दोघांच्या वादात निवाडा देणारा, मराठी उत्तम जाणणारा एक अधिकारी खात्याने नावानिशी नेमावा. देयकाचा शेवटचा हप्ता दोघांनाही एकाच दिवशी, संकेतस्थळ खुले झाल्यानंतर तीन महिन्यांनी, सर्व पाने स्वस्तातल्या मोबाइलवर आणि पान वाचून दाखविणाऱ्या साधनावर तपासून झाल्यावरच द्यावा.