दोन टक्के कशाचे?

"मालक, आम्ही गाठ घालून द्यायचं काम करतो. कागद बघायचं तुमचं तुम्ही."

सोलापुरात घर-जागा घेतलेल्या पुष्कळांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि ते कानावर पडतं तेव्हा दलाली देऊन झालेली असते. माझ्या मेहुण्याने ते ऐकलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

मेहुणा चाटी गल्लीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. वीस वर्षांच्या बचतीतून त्याने हद्दवाढ भागात 9 लाखांचा प्लॉट घेतला. एन.ए. झालेला, स्वतंत्र सातबारा असलेला. एजंटाने सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. आम्ही दोघांनी तो मोठा करून करून वाचला. गट नंबर, क्षेत्र, मालकाचं नाव, सगळं बरोबर. खरेदीखत झालं. दोन टक्क्यांप्रमाणे 18 हजार रुपये रोख दिले. एजंटाने तेवढेच विकणाऱ्याकडूनही घेतले. पुढे फेरफाराच्या कामासाठी तलाठ्याकडे गेलो तेव्हा पूर्ण उतारा समोर आला. उजव्या बाजूला 'इतर अधिकार' या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा होता. फोटोत ती उजवी बाजू आलीच नव्हती. विकणाऱ्याने हात वर केले, आणि मेहुण्याने पदरचे दोन लाख भरून बोजा उतरवला. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. 18 हजार घेणाऱ्याने तो काढून हातात दिला नाही. आम्हीही मागितला नाही, ही चूक आमची.

एजंटांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आम्ही वकील नव्हे. तीस वर्षांचा सर्च काढणं, वारसांच्या वाटण्या तपासणं हे वकिलाचं काम. दुय्यम निबंधकसुद्धा दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही; मग आम्हालाच का धरता?

सर्चचं म्हणणं मला मान्य आहे. पण एखादी गोष्ट ठाऊक नसणं वेगळं आणि ती समोरच्याला दिसू न देणं वेगळं. शिवाय नुसती गाठच घालायची असेल, तर तिची मजुरी किमतीच्या टक्क्यांत कशी? 9 लाखांच्या प्लॉटला 18 हजार आणि 40 लाखांच्या फ्लॅटला 80 हजार. गाठ तर दोन्हीकडे तेवढीच. रक्कम वाढते तशी जोखीम वाढते, म्हणून दलाली वाढते. मग जोखमीचा मोबदला घ्यायचा आणि जोखीम मात्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकायची, हा हिशेब कुठल्या पेठेत चालतो? दोन्हीकडून पैसे घेणाऱ्याची गोष्ट तर आणखी अवघड आहे. विकणाऱ्याची अडचण त्याला ठाऊक असते आणि घेणारा शेवटी किती रुपयांपर्यंत येईल तेही. यातलं काय कोणापासून लपवायचं, हे तो एकटा ठरवतो.

कायदाही 'नुसती गाठ' मानत नाही. 1872 च्या करार कायद्याचं 212 वं कलम सांगतं, की त्या धंद्यातल्या माणसाकडे सर्वसाधारणपणे असतं तेवढं कौशल्य एजंटाने वापरलंच पाहिजे. मालकाने 22 लाख सांगितले असताना घेणाऱ्याला 24 सांगून 'वरचे पैसे' खिशात घालण्याचा प्रकार सर्रास चालतो. मालकाला अंधारात ठेवून केलेल्या अशा कमाईवर 216 व्या कलमाने मालकच हक्क सांगू शकतो. 2016 चा रेरा कायदा त्याहून पुढे गेला. नोंदणी आवश्यक असताना ती नसलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट एजंटाने विकूच नये, गिऱ्हाइकाला हक्काचे कागद बुकिंगच्या वेळी मिळवून द्यावेत, आणि खोटी माहिती, तोंडी असली तरी, देऊ नये, असं त्याचं 10 वं कलम बजावतं. 'विमान सुरू झालंय, वर्षभरात रेट दुप्पट', 'इथे पाण्याचा प्रश्नच नाही' असल्या बोलण्यावर इथले किती सौदे झाले असतील! महारेराने 1 जानेवारी 2024 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. बोलण्याची जबाबदारी या धंद्यावर आता लेखी आलेली आहे.

अडचण आहे ती जुन्या घरांच्या आणि सुट्या प्लॉटांच्या फेरविक्रीत. तिथे रेराचा हात सहसा पोहोचत नाही, आणि सोलापुरातले बरेचसे व्यवहार याच जातीचे. तिथे दार उरतं जिल्हा ग्राहक आयोगाचं. दलाली ही सेवेची किंमत आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. मेहुणा मुदतीत होता. वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "पावती?" पावती नव्हती. टोकनची रक्कम एजंटाने खिशातल्या डायरीत लिहून घेतली होती. दलालीची नोंद तर कुठेच नव्हती.

हे सगळं ऐकून आमच्याकडे दुसरं एक मत लगेच पुढे येतं: दलालच नकोत. पुरावा म्हणून सोलापूरजवळचं कुंभारी दाखवतात. 2006 साली तिथे विडी कामगार बायांना 10 हजार घरं मिळाली, 19 जानेवारी 2024 ला तिथल्याच रे नगर वसाहतीतली 15 हजार घरं दिली गेली, कुठे होता दलाल? नव्हता, खरं आहे. पण त्यामागे विडी कामगारांचे पुढारी आडम मास्तर यांची युनियन आणि वर्षानुवर्षांचे मोर्चे होते. शेळगीतलं एक जुनं दोन खोल्यांचं घर घ्यायला युनियन कुठून आणायची? विकणारं कुटुंब तेलुगू बोलणारं, घेणारं कन्नड बोलणारं, दोन भाऊ पुण्याला आणि बहिणीची सही अडलेली. अशा वेळी सगळ्यांच्या दारात जाऊन बसणारा माणूस लागतो. त्याच्या चपला झिजतात. आणि घर दाखवून घेऊन नंतर मालकाला परस्पर गाठणारे, एजंटाचा फोन उचलायचं बंद करणारे गिऱ्हाईकही याच शहरात आहेत. तीही चोरीच. त्या एजंटाकडेही दाखवायला कागद नसतो.

म्हणून माझं मागणं दलाली बंद करण्याचं नाही. ती कागदावर आणा. घर दाखवण्याआधी एक पान लिहिलं जावं: एजंट कोणाच्या बाजूने काम करतोय, कोणाकडून किती घेणार, नोंदणी असेल तर तिचा क्रमांक, कोणते उतारे पूर्ण दाखवले, बोजा किंवा वाद त्याला ठाऊक आहे की नाही. खाली तिघांच्या सह्या. दलाली बँकेतून. रेराच्या बाहेरचे व्यवहारही सरकारने याच नियमाखाली आणावेत. एजंट म्हणतील, एवढ्या लिखापढीने गिऱ्हाईक पळेल. माझा अनुभव उलटा आहे.

बहिणीच्या थोरल्या मुलाने गेल्या वर्षी विजापूर रोडला जुना फ्लॅट घेतला. या वेळचे एजंट साठीचे. पहिल्याच भेटीत त्यांनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं, मिळकत पत्रिका स्वतः काढून आणली आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडून मागून घेतला. फ्लॅट दाखवायला मात्र लगेच नेलं नाही. बहिणीला म्हणाले, "ताई, आज नको. परवा पाण्याचा दिवस आहे, पहाटे या. तिसऱ्या मजल्यावर पाणी किती चढतंय ते बघा, मग भावाचं बोलू." पहाटे साडेपाचला ती बादली घेऊन गेली. पाणी कमी चढत होतं. ते त्यांनी विकणाऱ्यासमोरच मान्य केलं, किंमत 60 हजारांनी उतरली, आणि त्या कमी किमतीवरच त्यांनी आपली दलाली लावली.